तंबू उलटा करून पाहिला

तंबू घरी आला त्या दिवशी मी तो उभा केलाच नाही. पिशवीतून काढला, कापायच्या टेबलावर पसरला आणि आतली बाजू वर केली. लेक बघत होती. म्हणाली, "आई, तंबू उभा करून बघतात गं." म्हटलं, तुम्ही बघा उभा करून, मी आधी शिवण बघणार. सव्वीस वर्षं शिलाई मशीनवर बसते आहे. कोट असो, पडदा असो की पिशवी, सुलट बाजूवर इस्त्री फिरवून कुणीही फसवू शकतं. उलट बाजू बघितली की कारागिराने घाई कुठे केली ते लगेच कळतं.

तर हे परीक्षण अशा बाईचं आहे जिला कापडातलं कळतं आणि जंगलातलं फारसं कळत नाही. आजवर जंगलात राहिले ती दहा-बारा जणांच्या घोळक्यात. तंबू दुसरं कुणीतरी ठोकायचं, माझ्या वाट्याला यायचं ते खुंट्या मोजून पिशवीत भरणं. आता एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा एकटी जाते आहे, दोन रात्रींसाठी. म्हणून हा एका माणसाचा तंबू घेतला आणि निघायच्या आधी अंगणात पाच रात्री त्यात झोपून पाहिलं. कंपनीचं नाव देत नाही. याच धाटणीचे तंबू पुष्कळ जण विकतात, आणि मी जे तपासलं ते कुठल्याही तंबूवर तपासता येईल.

रचना अस्तराच्या कोटासारखी आहे, फक्त मधे हवा. आत जाळीची खोली, तिच्यावर पाऊस अडवणारं कापड, त्याला विकणारे फ्लाय म्हणतात. ॲल्युमिनियमच्या दोन लवचिक काठ्या एकमेकींवर फुली मारून उभ्या राहतात. लांबी २१० सेंमी, रुंदी डोक्याकडे ८५ आणि पायाकडे ६०, मधली उंची एक मीटर. मी १५७ सेंमीची, त्यामुळे पायाशी पिशवी ठेवूनही मला जागा उरते. पण भिंती तिरप्या आहेत हे विसरू नका. माझा धाकटा भाऊ सहा फुटी आहे, तो हौसेने आत शिरला तर त्याचं डोकं एका टोकाला टेकलं आणि अंगठे दुसऱ्या. लांबी कागदावर पुरते, झोपल्यावर पुरत नाही.

वजनाच्या बाबतीत मात्र मला राग आला. डब्यावर दीड किलो लिहिलंय. घरच्या काट्यावर ठेवलं तर १ किलो ७४० ग्रॅम. मग एकेक वस्तू वेगळी मोजली तेव्हा उलगडा झाला. दीड किलो म्हणजे नुसती दोन कापडं आणि काठ्या. खुंट्या, ताणदोऱ्या, पिशव्या सगळं वगळून. म्हणजे कोटाचं वजन सांगताना बटणं काढून ठेवायची! सगळेच असं करतात म्हणे. करोत. विकत घेणाऱ्याने आपला काटा वापरावा.

आता कापडाकडे येते. वरच्या कापडाच्या लेबलवर लिहिलंय २० डी नायलॉन, ३००० मिमी. तळाचं ४० डी, ५००० मिमी. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. वीस डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर धागा आणि वजन वीस ग्रॅम. माझ्याकडे अस्तराला येतं ते कापडसुद्धा याच्यापेक्षा जाड असतं. हातात घेतल्यावर वाटतं की हे आपल्याला पावसापासून वाचवणार? पण त्यात ठरावीक अंतरावर जाड धागा उभा-आडवा विणलेला आहे, उजेडात धरलं की बारीक चौकडी दिसते. फाटत आलं तरी फाट त्या चौकडीशी अडते. कोपऱ्यातल्या एका उरलेल्या पट्टीवर मी कात्रीने छोटी चीर देऊन ओढून पाहिलं. पहिल्या जाड धाग्यापाशी बोटं थांबली. या कापडाला पूर्ण गुण.

नायलॉनची एक खोड मात्र मला माहीत असूनही मी तिच्यात अडकले. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं. पॉलिएस्टर जवळजवळ पीत नाही. पहिल्या रात्री संध्याकाळी तंबू असा ताणला होता की टिचकी मारली तर आवाज यावा. मध्यरात्री दव पडलं आणि बघते तर वरचं कापड धुतलेल्या चादरीसारखं लोंबून आतल्या जाळीला टेकलेलं. जिथे टेकलं तिथून ओल आत. तेव्हापासून नियम केला: झोपायच्या अगदी आधी बाहेर एक फेरी आणि चारही दोऱ्या पुन्हा ताणायच्या.

मिलिमीटरचा आकडा कशाचा, हे बहुतेकांना सांगता येत नाही. दुकानदारालाही आलं नाही. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा उभा स्तंभ धरला आणि तो वाढवत नेला, तर किती उंचीला पाणी पलीकडे झिरपू लागतं, तो हा आकडा. ३००० म्हणजे तीन मीटर. पावसासाठी छताला तीन मीटर भरपूर झाले. दाब देतो तो आपला गुडघा.

हे मला नुसतं वाचून पटेना. म्हणून गुडघ्याला कापडावर खुणा करायचा खडू फासला, काळ्या कापडावर गुडघा टेकवला आणि उठलेल्या ठशावर चौकटींचा कागद ठेवून मोजलं. अडतीस चौरस सेंटिमीटर. माझं वजन ६२ किलो, एका गुडघ्यावर निम्मं धरलं तरी ३१. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठशे ग्रॅमच्या वर. पाण्याचा एक मीटर स्तंभ शंभर ग्रॅम दाब देतो, म्हणजे माझा गुडघा झाला आठ मीटरचा स्तंभ. तळाचं कापड पाच मीटरचं! मग तळाखाली ओला टॉवेल अंथरला आणि दारातून आत रांगताना टेकतो तसा गुडघा पाच मिनिटं टेकवून ठेवला. वरून बोट फिरवलं, ओल लागली. थोडीच, पण लागली. तंबूची चूक नाही ही, या वजनाच्या बहुतेक तळांचं असंच असणार. मी दाराशी फोमच्या चटईचा हातभर तुकडा टाकून ठेवते आणि त्याच्यावरच गुडघा टेकते. दाब पसरतो, ओल थांबते. खाली अंथरायची वेगळी चादरही आहे, ती तळापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं लहान कापून घेतली. मोठी राहिली तर छतावरून ओघळलेलं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणून सोडते.

आता शिवण. माझा विषय.

वरच्या कापडाला एकूण चौदा मीटर शिवण आहे, टेप फिरवून मोजली. जोड दुहेरी दुमडीचे, जीन्सच्या पायाला असतात तसे, दोन समांतर टिपा. सेंटिमीटरला चार टाके. हे बरोबर आहे. लोकांना वाटतं टाके जितके बारीक तितकी शिवण मजबूत. एवढ्या पातळ कापडावर बारीक टाके घातले तर ते तिकिटासारखं ओळीत फाटतं. पण हिशेब करा: चौदाशे सेंटिमीटर, चार टाके, दोन ओळी. अकरा हजार दोनशे भोकं. ज्या कापडाच्या तीन मीटरच्या आकड्यावर आपण भाळतो, त्याला कारखान्यातच सुईने अकरा हजार वेळा टोचलेलं असतं, आणि लेबलवरचा आकडा शिवणीला लागू नाही.

जाड सुती कापडाचे जुने तंबू या बाबतीत हुशार. सुती धागा भिजला की फुगतो आणि भोकं आपोआप बुजतात. म्हणून तसला नवा तंबू आधी मुद्दाम भिजवून वाळवून घेतात. नायलॉनमध्ये ही सोय नाही, तिथे आतून पारदर्शक पट्टी गरम करून शिवणीवर चिकटवावी लागते. ही पट्टी आतल्या, पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या लेपाला धरते. सिलिकॉनच्या लेपाला ती धरत नाही, तसल्या तंबूला सिलिकॉनचाच द्रव लावावा लागतो. घेताना विचारून ठेवा.

टेबलावर मी ही पट्टी बोटाने चाचपत गेले. लांब सरळ जोड सगळे निर्दोष. काम चांगलं आहे, मोकळेपणाने सांगते. उलट एके ठिकाणी तर मी थांबून बघत राहिले. वरच्या कापडाची खालची कड सरळ कापलेली नाही, आत थोडी पोकळ घेतलेली आहे, बाहीसाठी मुंढा कापतो तशी. का, हे खुंटी ठोकल्यावर कळतं. दोन टोकांना ताणलेली सरळ कड मधे फडफडते, पोकळ कापलेली कड ताणावर आपोआप घट्ट बसते. शिवाय कोपरे उरेबवर, म्हणजे विणीच्या तिरप्या दिशेत, येणार नाहीत याची काळजी घेतली आहे, नाहीतर कापड महिन्याभरात ताणून वेडंवाकडं झालं असतं. ज्या कुणी या तंबूच्या नमुन्याचा कागद कापला त्याला माझा नमस्कार.

आणि मग कोपऱ्यात घाई सापडली. दोरी बांधायच्या फितीला चारपैकी तीन ठिकाणी दाट आडवे टाके घालून पक्कं केलंय, चौथ्या ठिकाणी मशीन नुसतं पुढे-मागे नेऊन सोडून दिलंय. दोरा तिथे लोंबत होता. शिवाय पट्टी त्या कोपऱ्यात शिवणीच्या टोकापर्यंत पोचतच नाही, पाऊण इंच आधी संपते. मी लेकीला तेव्हाच सांगितलं, गळणार तर इथून गळणार.

फीत मी पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने हाताने पक्की केली. पट्टीला हात लावला नाही. आधी चाचणी.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी डोळे उघडले तर वरच्या कापडाची आतली बाजू घामेजलेली. ठिकठिकाणी थेंब, एक नेमका माझ्या कपाळावर. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो लिहिण्यासारखा नाही, दुसरा होता "गळतोय". पाऊस तर पडलाच नव्हता! दोन तास मी शिवणी बघत बसले. मग लक्षात आलं की ओल सगळीकडे सारखी आहे, शिवणीपाशी जास्त नाही. ते माझंच पाणी होतं. झोपेत श्वासातून आणि कातडीतून माणूस रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो, ते वर जाऊन थंड कापडाला लागतं. आदल्या रात्री मला गार वाटलं म्हणून मी झरोका बंद केला होता, दाराची चेन खालपर्यंत ओढली होती आणि ओले मोजे आत वाळत घातले होते. म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवून वाफ का जमली म्हणून विचारत होते.

दुसऱ्या रात्री झरोका उघडा, दार वरून वीतभर उघडं, मोजे बाहेर. सकाळी थेंब होते, पण चौथा हिस्सा. हे शून्यावर येत नाही. एक सुती फडकं हाताशी ठेवायचं आणि उठल्यावर पुसायचं. यासाठी कुणी परीक्षणात तंबूचा तारा कापू नये.

खरी चाचणी पाइपाची. तंबू उभा केला, आत शिरून सगळ्या शिवणींवर निळ्या खडूची पूड बोटाने चोळली आणि तळाला वर्तमानपत्राचे कागद पसरले. भावाला सांगितलं, चाळीस मिनिटं वरून पाणी सोड, फवारा आकाशाकडे धर म्हणजे थेंब खाली पडतील, थेट कापडावर मारू नकोस. पंधरा मिनिटांत त्याचा हात भरून आला आणि त्याने थेट मारायला सुरुवात केली, ते असो. आत मी टॉर्च घेऊन बसले होते. वीस मिनिटं काही नाही. खडू कोरडा, फिका. मग चौथ्या कोपऱ्यात, पट्टी संपते त्याच पाऊण इंचात, निळा रंग एकदम गडद झाला. एक टाका, मग त्याच्या शेजारचा. दोरा पाणी ओढून घेतो, वातीसारखा. गडद ठिपका टाक्या-टाक्याने खाली सरकत गेला आणि टोकाशी थेंब लोंबू लागला. तो थेंब पडायला सहा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बघत होते. बाहेरून भाऊ ओरडला, "ताई, झोपलीस का?"

सगळ्या तंबूत एवढीच गळती. दुसऱ्या दिवशी कोपरा कोरडा केला, स्पिरिटने पुसला आणि शिवणीवर लावायचा द्रव बारीक कुंचल्याने अगदी पातळ चोळला, दाट थर द्यायचा नसतो. रात्रभर वाळू दिला आणि वर टाल्कम पावडर लावली, नाहीतर गुंडाळल्यावर कापड कापडाला चिकटतं. परत पाइप, परत चाळीस मिनिटं. खडू फिकाच राहिला.

एक तक्रार मात्र मी मागे घेणार नाही, ती चेनची. चेन स्वतः चांगली आहे, दोन रनर, दात मऊ सरकतात. पण तिच्यावर पाऊस अडवायला जी झाकणपट्टी आहे ती एकेरी कापडाची, आत काही कडक घातलेलं नाही. ती दर तिसऱ्या वेळी रनरमध्ये जाते. दिवसा त्याचं काही वाटत नाही. तिसऱ्या रात्री अडीच वाजता मला बाहेर जायची निकड होती. टॉर्च तोंडात, एका हाताने चेन, दुसऱ्या हाताने पट्टी, आणि रनर पट्टी चावून गच्च बसलेला. शेवटी खालच्या फटीतून सरपटत बाहेर आले. कारखान्यात पट्टीच्या दुमडीत जेमतेम एक मीटर कडक फीत घातली असती तर हे झालं नसतं. मी घरी घातली, वीस मिनिटांचं काम. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी पट्टी बोटांत धरून चेन ओढायची सवय करावी आणि निकड व्हायच्या थोडं आधी उठावं.

खुंट्या फेकून द्या. म्हणजे फेकू नका, कपडे वाळत घालायच्या दोरीला वापरा. गोल तारेच्या, टोकाला आकडा असलेल्या, जोराने दाबलं की वाकतात आणि सैल मातीत जागच्या जागी गोल फिरतात. मी आडव्या छेदात इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसणाऱ्या खुंट्या वेगळ्या घेतल्या. डोकं तंबूपासून लांब झुकेल अशी तिरपी ठोकायची. ताणदोऱ्यांना घसरती गाठ शिकून घेतली, जी ताण असताना धरते आणि हाताने सरकवली की सरकते. लेकीने तिच्या खोलीतल्या खुर्चीच्या पायाला मी चाळीस वेळा बांधलेली पाहिली आहे.

काठ्यांबद्दल बोलण्यासारखं फार नाही. आत रबरी दोरी, तुकडे आपोआप जुळतात. घडी घालताना मधून सुरुवात करा, दोन्ही बाजूंना दोरीवर सारखा ताण राहतो. सोबत बोटभर लांबीची नळी दिली आहे, काठी मोडली तर मोडीवर सरकवून वर चिकटपट्टी गुंडाळायची. ही नळी पुष्कळ जण कचरा समजून टाकतात. टाकू नका.

उभारायला पहिल्यांदा चौतीस मिनिटं लागली, त्यात दहा मिनिटं मी सूचनांचा कागद उलटा धरला होता. सातव्यांदा नऊ मिनिटं. मग अंधारात, नुसत्या डोक्यावरच्या दिव्याने, बारा. एकटीने जायचं तर माझ्या मते ही अंधारातली बारा मिनिटं लेबलवरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची, कारण पोचायला उशीर झाला तर दिवा धरायला कुणी नसणार. या तंबूची उणीव इथे दिसते: आतली जाळी आधी उभी करावी लागते, वरचं कापड मागून. पाऊस चालू असेल तर जाळी भिजते. मी वरचं कापड आधी नुसतंच पसरून त्याच्याखाली काठ्या सरकवायचा प्रयत्न केला. जमतं, पण उंदीर पकडल्यासारखं दिसतं. पावसाळी भागात जाणाऱ्याने बाहेरचं कापड आधी उभं राहील असाच तंबू बघावा.

आत दिवा लावला की बाहेर काय दिसतं, हे लेकीने सांगितलं म्हणून कळलं. चौथ्या रात्री मी आत कपडे बदलत होते आणि ती खिडकीतून ओरडली, "आई, सावल्यांचा खेळ चाललाय!" २० डेनियरचं कापड, दुसरं काय होणार. दिवा छताला टांगला की सावली कापडावर पडते, जमिनीवर पिशवीच्या आड ठेवला की कमी. कपडे बदलताना बंदच.

आवाजाची तयारी मी केली नव्हती. ताणलेलं नायलॉन म्हणजे ढोलाचं कातडं. अंगणातल्या झाडाचं एक वाळकं पान छतावर पडलं आणि मी उठून बसले, वाटलं कुणीतरी हात टेकवला. वाऱ्याने दोरी थरथरली की पावलं वाटतात. पाचव्या रात्रीपर्यंत मला पान, काटकी, दोरी आणि मांजर वेगवेगळे ओळखता यायला लागले. जंगलात मांजर नसेल, पण काटकी आणि दोरी ओळखीच्या असतील. अंगणात झोपण्यातून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि ती कुठल्याच डब्यावर लिहिलेली नव्हती.

विस्तवाबद्दल एक सांगते, कारण हे मी रोज बघते. नायलॉनच्या फितीची कड उसवू नये म्हणून आम्ही ती मेणबत्तीवरून फिरवतो. ज्योत लागायचीही गरज नसते, जवळ नेली तरी कड आक्रसून मण्यासारखी गोळा होते, आणि तो मणी बोटाला चिकटला तर कातडी घेऊन निघतो. त्याच कापडाच्या खोलीत लोक शेगडी पेटवतात. वर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नाही. पाऊस असो, थंडी असो, माझी शेगडी तंबूच्या बाहेर, चार पावलं लांब.

थंडीचं काम तंबूकडे मागू नका. ते झोपायच्या पिशवीचं आणि त्याहून जास्त खालच्या चटईचं. पिशवीवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट. आयएसओ २३५३७ या मानकात पहिला प्रमाण बाईसाठी धरतात आणि दुसरा प्रमाण पुरुषासाठी, तोही अंग आखडून झोपलेल्या. दुकानात मोठ्या अक्षरांत बहुधा दुसराच असतो. मी पहिला बघून घेतली. चटईचा आर आकडा, म्हणजे ती थंडी किती अडवते त्याचा, मात्र बेरजेचा असतो, दोन चटया एकावर एक टाकल्या की आकडे मिळवायचे.

बरोबर जाणारं दुरुस्तीचं सामान बघून लेक हसली. तिला वाटलं होतं आई अख्खी शिवणपेटी उचलणार. सुई-दोरा आहे, पण तो पिशवीच्या पट्ट्याला आणि फितींना. वरचं कापड फाटलं तर सुई लावायची नाही, आणखी भोकं कशाला? चिकट तुकडा दोन्ही बाजूंनी लावायचा, त्याचे कोपरे कात्रीने गोल करून. टोकदार कोपरा आधी सुटतो. बाकी शिट्टी गळ्यात, मिनिटाला सहा वेळा आणि मग मिनिटभर थांबायचं, हा डोंगरातला संकटाचा इशारा. तंबू ठोकायच्या आधी वर बघायचं, वाळकी फांदी लटकत नाही ना. पाण्यापासून साठ मीटर तरी लांब. आणि कुठे जाते, कुठल्या वाटेने, कधी परतणार हा कागद लेकीकडे. ठरल्या वेळेपासून किती तास वाट बघायची आणि मग कुणाला फोन करायचा, तेही त्यात लिहिलंय.

पाचपैकी चार तारे देते. अर्धा चौथ्या कोपऱ्याचा गेला, अर्धा चेनच्या पट्टीचा. खुंट्यांसाठी वेगळा तारा कापणार होते, पण मुंढ्यासारख्या त्या कडेने तो भरून काढला. उंच माणसाने आणि कायम पावसात जाणाऱ्याने घेऊ नये. ज्याला पाच रात्री घरी झोपून बघायचा कंटाळा आहे त्यानेही घेऊ नये, पण मग त्याने कुठलाच घेऊ नये.

परवा पहाटे निघते. तंबू दोन दिवस पडद्याच्या दांडीवर सावलीत वाळत घातला होता, कारण ओला बांधून ठेवला की आतला लेप चिकट होतो, वास मारतो आणि शेवटी पापुद्र्यासारखा सुटतो. आज उतरवला. टेबलावर पसरला, कडा जुळवल्या, तळहाताने सुरकुत्या काढल्या, आणि हात सवयीने घडी घालायला लागले. पण घडी घालायची नसते. दर वेळी त्याच रेघेवर मोडला की लेप तिथेच तडकतो, म्हणून कोंबून भरायचा. सव्वीस वर्षांत मी कुठलंही कापड कोंबलेलं नाही. लेक दारात उभी राहून मजा बघत होती. मी डोळे मिटले, मूठभर-मूठभर करून तो पिशवीत कोंबला आणि तोंडाची दोरी आवळली.